मामींचं एक बोट

अर्जुनीच्या शाळेत मी तिसरा तास घेत होते, तेवढ्यात नणंदेचा, सुनंदाचा फोन आला. "वहिनी, आई गेली..." माझ्या सासूबाई, ज्यांना मी मामी म्हणायचे, आठवडाभरापूर्वीच लेकीच्या बाळाला बघायला चिचगडला गेल्या होत्या. मीच त्यांना एसटीत बसवून दिलं. बोलायचं ते तेव्हाही बोलले नाही.

माझी चिनू सहा महिन्यांची असतानाची गोष्ट. मामींनी फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे, भाजून, पाट्यावर लोण्यासारखे वाटून, पेजेत पातळ केले आणि पोरीला एक बोट चाटवलं. मी शिकलीसवरली सून, वाटीच ओढून घेतली. दोन वर्षांपर्यंत फल्ली नको, असं मी कुठंतरी वाचलं होतं. मामी फणकारल्या, "काऊन नको? मी काय जहर देऊन राहिली का? तुह्या नवऱ्याले काय पुस्तक वाचून वाढवलं?" पण माझा शब्द मानला त्यांनी. पुन्हा कधी चाटवलं नाही.

चिनू दोन वर्षांची झाली आणि शेजारच्या घरी तिनं फल्लीचा लाडू खाल्ला. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला. दवाखान्यात पोरीला जरा उतार पडला तशी मी चारचौघांत मामींवर घसरले. "तुमच्या त्या एका बोटानं झालं हे!"  त्या दिवसापासून चिनूला उचलण्याआधी मामी साबणानं हात धुवायच्या... दरवेळी.

पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "आजीला दोष देऊ नका. हल्ली आम्हीच सांगतो, सहा महिन्यांच्या आसपास दाण्याचं पातळ वाटण सुरू करा आणि देत राहा, धोका कमी होतो. अख्खा दाणा मात्र नको. बाळाला इसब असेल तर आधी आम्हाला विचारा. तुमच्या मुलीचं टळलंच असतं असं नाही, पण थांबायला नको होतं."

घरी जाऊन माफी मागायची, असं गाडीतच ठरवलं होतं. पण मास्तरणीला स्वतःची चूक कबूल करणं फार जड जातं. आज नाही उद्या करत चार वर्षं गेली. लिहितानाही लाज वाटते.

तेरवीनंतर सुनंदाच्या सहा महिन्यांच्या बाळासाठी मी दाणे वाटायला घेतले. तिनं माझा हात धरला. "नको वहिनी. आई शेवटपर्यंत म्हणे, माह्या हातानंच चिनूचं असं झालं."

मग मी सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, कधी म्हणाले.

सुनंदानं माझा हात सोडला.

"हे आईले सांगतलं होतं का?"