सेतुरावकाकांनी केलेलं स्वागत

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

आपल्या चेन्नईच्या मराठी ग्रुपमधल्या 'स्वागत' चॅनलवर आज अण्णा नगरची नेहा नव्याने आली. मी काही लिहायच्या आत सेतुरावकाकांचा मेसेज आला, "ये बाळा, जेवलीस का?" नवीन माणसाला ते नेहमी हेच विचारायचे.

पण काका जाऊन महिना झालाय.

मी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "त्यांचा फोन माझ्या कपाटात बंद पडलाय. आणि मला मराठी लिहिता कुठे येतं? मी तमिळच लिहिते."

घाबरून मी काकांचा नंबर ग्रुपमधून काढून टाकला.

आत्ताच नेहाचा मेसेज आलाय. "ताई, काकांनी उद्या घरी जेवायला बोलावलंय. जाऊ ना?"

तिला काय उत्तर देऊ?