तिसऱ्या सिलिंडरचा ताप

माझ्या सासऱ्यांइतकी दुसऱ्याच्या तापाची काळजी पुण्यात कुणी वाहिली नसेल. फक्त तो ताप विमानाच्या इंजिनाचा असायला हवा. शहराबाहेरच्या एका फ्लाइंग क्लबात ते मेकॅनिक होते. घरात कुणी कण्हत असलं तर "पडा जरा" म्हणून पेपर उघडत, पण चार सिलिंडरांपैकी एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापला, की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. हे इंजिन वाऱ्यावरच थंड होतं, आणि तो वारा सगळ्यांना सारखा मिळाला पाहिजे, हा त्यांचा धर्म. मंडईत एकदा त्यांनी भाजीवाल्या मावशींचा टेबलफॅन परस्पर फिरवून ठेवला. मागच्या जुड्यांना वारा लागत नव्हता म्हणे. "काका, कोथिंबीर घ्यायचीय की तिला वारा घालायचाय?" मावशींनी विचारलं. त्यांनी गंभीरपणे दोन्ही केलं.

आमचं लग्न ठरलं तेव्हा त्यांची मुलगी, म्हणजे माझी होणारी बायको, त्याच क्लबात विमान चालवायला शिकत होती. तिचं पहिलं एकटीचं उड्डाण होतं त्याच सकाळी सासऱ्यांनी विमान अडवलं. तिसरा सिलिंडर जास्त तापत होता.

"अहो, मर्यादेतच आहे की," प्रशिक्षक म्हणाले.

"मर्यादेत आहे, कबूल. पण त्या एकट्यालाच ताप का?"

मुलीने अबोला धरला. नारायण पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत तीन दिवस मीठसुद्धा सासूबाईंमार्फत मागितलं जात होतं. चौथ्या दिवशी त्या तापाचं कारण सापडलं. सिलिंडरांकडे वारा वळवणाऱ्या पत्र्याच्या कडेची रबरी पट्टी उलटी दुमडली होती. तिसऱ्याच्या वाट्याचा वारा वरच्यावर निसटत होता. पट्टी सरळ केली, फटी बुजवल्या, आणि विमानात बसायला जन्मभर घाबरलेला हा माणूस चाचणीला स्वतः प्रशिक्षकांशेजारी बसला. उतरले तेव्हा चेहरा पांढराफटक.

"वरून पुणं कसं दिसलं?" मी विचारलं.

"कोण बघतंय? मी मीटर बघत होतो. चारही जवळजवळ सारखे."

मग ती एकटी उडाली. सासरे हँगरच्या भिंतीकडे तोंड करून स्क्रू निवडत बसले. निवडून झालेलेच पुन्हा. ती उतरून धावत आली तर म्हणाले, "तिसरा किती होता?" आकडा ऐकला आणि तेलकट हातच तिच्या डोक्यावर ठेवला. तो डाग तिने दिवसभर केसांत मिरवला.

आता ते ऐंशीला टेकलेत. कान पार गेले. गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. क्वचित एखादं लहान विमान जातं, ते त्यांना कळत नाही. ही त्यांच्या दंडाला हात लावून वर दाखवते. ते डोळे बारीक करून बघतात, मग तिच्याकडे बघतात. ती इंजिनाचा आवाज नीट ऐकून मान डोलावते. तेवढ्यावर समाधान मानून ते पुन्हा डोळे मिटतात.