बाबांची कोलादा

आई गेली त्यानंतरच्या हिवाळ्यात बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला आले. त्यांच्या बॅगेत दोन किलो चहापत्ती निघाली.

"बाबा, इथं सगळं मिळतं हो," मी म्हटलं.

"मिळत असेल. पण चहा आपला आपल्या घरचा."

ही त्यांची जुनी सवय. बाबा आयुष्यभर नागपुरात सरकारी नोकरीत होते, निवृत्त झाले तेव्हा ऑफिसर होते, पण ऑफिसच्या कँटीनमधला चहा त्यांनी एकदाही घेतला नव्हता. टपरीवर नाही, हॉटेलात नाही, गाडीत नाही. जेवण मात्र कुठंही जेवायचे, आवडलं तर मागून घ्यायचे. चहा-कॉफी पुढं आली की दोन्ही हात जोडून म्हणायचे, "मी घेत नाही." घरी आईच्या हातचा कप दिवसातून चारदा घेणारा माणूस! आम्ही भावंडं समजत होतो की बाहेरच्या चहानं त्यांना ॲसिडिटी होत असेल.

मला लॅटिन अमेरिकन जेवणाचा नाद इथं आल्यापासूनचा. मी एका लॅबमध्ये काम करते. सुरुवातीच्या दिवसांत इथलं फिकं जेवण घशाखाली उतरत नव्हतं, तेव्हा काळा घेवडा, भात, मिरची, लिंबू आणि मक्याची भाकरी देणाऱ्या त्या छोट्या दुकानांनीच मला तगवलं. बाबा आल्यावर पहिल्याच शनिवारी मी त्यांना घेऊन गेले ते लाँड्री आणि टायरच्या दुकानाच्या मधोमध असलेल्या सहा टेबलांच्या एका जागेत. एल साल्वाडोरहून आलेली माझ्याच वयाची एक बाई ते चालवते. तिच्याकडे पुपुसा मिळतो. मक्याच्या पिठाच्या गोळ्यात घेवडा नि चीज भरायचं, थापायचं, तव्यावर भाजायचं, आणि वर आंबवलेल्या कोबीची कोशिंबीर.

बाबा बसायच्या आधी काउंटरपाशीच थबकले. पलीकडे ती बाई दोन्ही तळव्यांमध्ये गोळा फिरवत टप टप थापत होती.

"अगं, ही तर भाकर थापते!" बाबा इतक्या मोठ्यानं म्हणाले की तिनं मान वर करून पाहिलं.

माझी लेक नववीत आहे आणि शाळेत दुसरं वर्ष स्पॅनिश शिकते. तिनं ते वाक्य जमेल तसं तिकडं पोहोचवलं. बाईनं हसून गोळा बाबांच्या पुढं धरला. तुम्ही करून दाखवा, असं म्हणत होती. बाबांनी हात धुतले आणि थापला. कडा फाटल्या, घेवडा बाहेर आला. तरी तिनं तो तसाच भाजला आणि बाबांच्याच ताटात वाढला. त्या दिवशी बाबा तीन पुपुसे जेवले. आई गेल्यापासून मी त्यांना पोटभर जेवताना पाहिलं नव्हतं.

मग दर शनिवार ठरून गेला. घरीही आजोबा-नातीचे प्रयोग सुरू झाले. कधी अरेपा म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, कधी पिकलेल्या राजेळी केळ्यांचे तळलेले काप, कधी लसूण-जिऱ्याची फोडणी दिलेला काळा घेवडा. बाबांचा शेरा ठरलेला असायचा: "चांगलं आहे, पण तिखट कमी." जेवणानंतर ती पुपुसावाली बाई कॉफीचा कप घेऊन यायची, आणि बाबा हात जोडायचे. तीन-चारदा असं झाल्यावर तिनं आणणं सोडून दिलं.

मार्चअखेर लेकीला वसंतातली सुट्टी लागली. नवऱ्याला रजा मिळाली नाही, म्हणून आम्ही तिघंच निघालो. दोन दिवस ड्राइव्ह करून मायामीला पोहोचलो. मला तिथलं क्यूबन जेवण खायचं होतं, लेकीला समुद्र हवा होता. "मला काय, जिथं न्याल तिथं येईन," बाबा म्हणाले. थर्मासमध्ये त्यांचा घरचा चहा होताच.

पहिल्याच सकाळी आम्ही क्यूबन वस्तीत गेलो. तिथं कॉफी प्यायला दुकानात शिरावं लागत नाही. दुकानाच्या भिंतीला रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी असते. लोक फुटपाथवरच उभे राहतात, बोलतात, भांडतात, पितात आणि कामाला जातात. दहाचा सुमार होता. आमच्या पुढं बांधकामावरचे दोन मजूर होते, हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांतली एक नर्स होती, आणि इस्त्री केलेला चार खिशांचा पांढरा सदरा घातलेले एक म्हातारे गृहस्थ होते. वयानं बाबांच्याच बरोबरीचे.

त्या गृहस्थांना खिडकीतून एक मोठा पेला मिळाला आणि त्यावर एकात एक घातलेल्या अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या वाट्या. ते बाजूला सरकले, वाट्या सुट्या केल्या आणि त्या मोठ्या पेल्यातून थोडी थोडी कॉफी ओतायला लागले. एक वाटी नर्सला दिली. एकेक दोन्ही मजुरांना. ते त्यांच्या ओळखीचे नव्हते हे दिसतच होतं. एक वाटी स्वतःला. मग वळून त्यांनी पुढची वाटी बाबांपुढं धरली.

बाबा एक पाऊल मागं सरले. हात जोडले गेले.

"ही डझन्ट ड्रिंक कॉफी," मी घाईनं म्हटलं.

म्हातारे स्पॅनिशमध्ये भराभर काहीतरी बोलले. वाटी तशीच पुढं होती. लेक हसायला लागली.

"आबा, याला कोलादा म्हणतात. इट्स फॉर शेअरिंग. ते म्हणतायत, एकट्यानं सगळी प्यायलो तर मी मरेन, मला वाचवा."

बाबा हसले नाहीत. ते त्या मोठ्या पेल्याकडे पाहत होते.

"सगळ्यांना त्या एकाच पेल्यातली?" त्यांनी नातीला विचारलं.

"हो."

"त्याला मी कोण हे माहीत नाही."

"आबा, ही डझन्ट केअर. तो सगळ्यांनाच देतोय."

त्या म्हाताऱ्यांचा हात अजून पुढंच होता. बाबांनी आपले जोडलेले हात सोडले, दोन बोटांत ती वाटी धरली आणि एका घोटात रिकामी केली. कॉफी दाट, काळी आणि साखरेनं जड. बाबांचे डोळे विस्फारले.

"बाप रे!" ते म्हणाले. "ही कॉफी आहे की काढा?"

लेकीनं भाषांतर केलं आणि सगळी रांग हसली. म्हाताऱ्यांनी बाबांच्या खांद्यावर थाप मारली.

मी मात्र हसू शकले नाही, कारण बाबा ती रिकामी वाटी अजून दोन बोटांत धरून होते. आम्ही फुटपाथवरच्या बाकावर बसलो. मी विचारलं, "बाबा, ॲसिडिटी तर नाही ना होणार?"

"मला कसली आलीय ॲसिडिटी?" ते म्हणाले. मग नातीकडे वळून, सावकाश, तिला कळेल अशा मराठीत त्यांनी सांगितलं.

ते नऊ वर्षांचे होते. वडिलांबरोबर भंडाऱ्याकडच्या एका बाजाराला गेले होते. बाजारात चहाचं दुकान होतं. आमच्या वस्तीतल्या लोकांचा कप वेगळा, कान तुटलेला, दुकानामागच्या खांबाला खिळ्यावर अडकवलेला. आपणच काढायचा, आपणच विसळायचा आणि जमिनीवर ठेवून मागं सरायचं. दुकानदार किटली उंच धरून वरून चहा ओतायचा, म्हणजे किटलीला कप लागू नये.

"माझ्या बापानं प्यायला. मग कप विसळून माझ्यासाठी ठेवला. दुकानदारानं ओतला. मी तो प्यायलो नाही. सांडलाही नाही. भरलेला कप उचलला आणि त्याच्या दुकानाच्या पायरीवर नेऊन ठेवला. दुकानदार ओरडला, पण मी पळालो नाही. चालत आलो."

"मग तुमचे बाबा रागावले?" लेकीनं विचारलं.

"अर्ध्या रस्त्यापर्यंत माझा हात धरून चालत राहिले. मग म्हणाले, बरं केलंस."

पुढं शहर आलं, शिक्षण आलं, नोकरी आली. कप सगळ्यांचे सारखे झाले. "पण कुणी चहा पुढं केला की मनात यायचं, याला माझं आडनाव कळलं तर हा कप बदलेल का? त्यापेक्षा नकोच. मी घेत नाही म्हटलं की प्रश्न मिटला."

माझं वय पंचेचाळीस. हे मला माहीत नव्हतं. आईला माहीत असावं. लेकीनं आजोबांचा दंड धरला. इथं जन्मलेली ही मुलगी. आडनावावरून कप बदलतो हे तिनं कधी ऐकलेलं नव्हतं, पण तिला समजलं. तिच्या डोळ्यांत मला तो राग स्पष्ट दिसला आणि बरं वाटलं.

बाबा उठले. मला वाटलं, गाडीकडे निघाले. ते सरळ खिडकीपाशी गेले, रांगेत उभे राहिले आणि आपला नंबर आल्यावर आतल्या बाईला खणखणीत आवाजात म्हणाले, "कोलादा!"

तिनं त्यांना स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. बाबांनी पुन्हा म्हटलं, "कोलादा. सगळ्यांसाठी." सगळ्यांसाठी हे मराठीतच. तिला ते कसं कळलं कोण जाणे, पण तिनं वाट्यांची मूठभर चळत पेल्यावर ठेवली.

मग बाबांनी कॉफी वाटली. एक थेंब न सांडता, एखाद्या समारंभात पाहुण्यांना द्यावी तशी. पांढऱ्या सदऱ्याच्या म्हाताऱ्यांना पहिली. नंतर नुकत्याच आलेल्या एका बस ड्रायव्हरला, कुत्रा घेऊन चाललेल्या बाईला, तिच्यामागच्या तरुण जोडप्याला. नंतर मला आणि नातीला. "ही पोरगी लहान आहे, हिला अर्धीच," असं त्यांनी त्या म्हाताऱ्यांना नागपुरी थाटात समजावलं, आणि तेही गंभीरपणे मान हलवून हो म्हणाले. शेवटची वाटी स्वतःला. ही त्यांनी हळूहळू प्यायली.

आम्ही मायामीत चार दिवस होतो. समुद्र अर्धाच दिवस पाहिला. चारही सकाळी बाबा आमच्या आधी आंघोळ करून, बूट घालून दारात उभे. "चला, खिडकी उघडली असेल." थर्मास हॉटेलातच पडून राहिला. तिसऱ्या दिवशी खिडकीतली बाई त्यांना पाहूनच पेला भरायला लागली.

परत आल्यावर बाबांनी मोका पॉट मागवला. ही म्हणजे शेगडीवर ठेवायची कॉफीची उभी किटली. पहिल्या कडक थेंबांत साखर घालून ती पांढरी होईपर्यंत फेटायची, मग उरलेली कॉफी त्यावर ओतायची, म्हणजे वर फेस येतो. सांगायला सोपं आहे. पहिल्या दिवशी करपली. दुसऱ्या दिवशी पाणचट. मग साखर विरघळली पण फेस येईना. बाबा रोज सकाळी चमचा घेऊन फेटत बसायचे, वहीत लिहायचे, पुन्हा करायचे. दहाव्या दिवशी मी वरच्या मजल्यावर मीटिंगमध्ये असताना खालून हाक आली, "आला! फेस आला!" मी हेडफोन टाकून धावत गेले. पेल्यावर बोटभर जाडीचा, बदामी रंगाचा, तुकतुकीत फेस होता.

एप्रिलमधली जयंती आमचे लोक इथं एका शाळेच्या हॉलमध्ये साजरी करतात. तयारीच्या बैठकीत बाबांनी जाहीर केलं की यंदा चहा नाही, कोलादा.

"काका, दीडशे लोक येणार. चहाच ठेवू या ना, सोपं पडतं," एक जण म्हणाला.

"सोपं काहून पाहिजे?" बाबा म्हणाले. "मी करतो. तुम्ही फक्त शेगड्या आणा."

आणि त्यांनी केलं. पाच किटल्या, तीन शेगड्या, फेटायला कॉलेजातल्या दोन मुली, वाटायला माझी लेक. जेवणात पुपुसे होते. ती साल्वाडोरची बाई स्वतः घेऊन आली आणि परत जायचं सोडून बाबांच्या टेबलापाशी थांबली. बाबांनी पहिल्या पेल्यातली पहिली वाटी तिला दिली. तिनं एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू म्हणत होती, इतके शनिवार मला हात जोडत होता तो माणूस हाच का!

बाबांचा नियम एकच होता. मोठा पेला एकट्यानं घेऊन जायचा नाही. जो घेईल त्यानं ओळख नसलेल्यांना वाटायची. थोड्याच वेळात हॉलभर तेच चाललं होतं. आदल्या आठवड्यात नागपूरहून आलेला विद्यार्थी वीस वर्षं इथं राहिलेल्या डॉक्टरीणबाईंना ओतून देत होता, त्या पुण्याच्या एका आजींना, आजी कुणाच्या तरी गोऱ्या सुनेला. बैठकीत चहाच ठेवा म्हणणारा तिसऱ्यांदा रांगेत होता.

"कशी आहे?" बाबांनी त्याला विचारलं.

"काका, पुढच्या वर्षी दहा किटल्या."

आवरून निघालो तेव्हा अजून ऊन होतं. गाडीत बसताच बाबा म्हणाले, "मी सकाळपासून काही खाल्लं नाही." पेट्रोल पंपाजवळ टाकोची गाडी उभी होती. आम्ही टाको, म्हणजे बोकडाचं मटण भरलेल्या मक्याच्या मऊ पोळ्या, घेतले आणि आमच्या कारच्या बॉनेटवर ठेवून उभ्यानंच खाल्ले. रस्सा तर्रीदार होता, बोटांवरून ओघळत होता. बाबांनी दोन संपवले, बोटं चाटली, आणि लेकीला विचारलं, "अजून एक, हे कसं म्हणायचं?"

"ऊनो मास."

"ऊनो मास," बाबांनी एकदा घोकलं, आणि कागदाची रिकामी ताटली हातात घेऊन ताठ मानेनं टाकोच्या गाडीच्या खिडकीकडे निघाले.