टूलबॉक्समधला दाढीचा ब्रश

आमच्या घरात पाचशे सीसीची, एकाच सिलिंडरची जुनी मोटारसायकल आहे. ती सुरू झाली की शेजारच्यांच्या मांडणीतली भांडी वाजतात, आणि सुरू झाली नाही की अख्खी गल्ली सल्ला द्यायला जमते. गाडी माझ्या सासऱ्यांची. त्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मामांना किक मारायची बंदी केली, तेव्हा ते गाडीशेजारच्या पायरीवर जे बसले ते जेवायलाही उठेनात. मला ते बघवेना. "मामा, मी चालवते की," असं मी म्हणून गेले.

मी शाळेत भूगोल शिकवते. तोवर बिनगिअरच्या स्कूटरपलीकडे माझी मजल गेली नव्हती. पण एकदा बोलले म्हणजे बोलले, माघार घेणं माझ्या स्वभावात नाही. पहिल्याच दिवशी किक उलटी बसली आणि मी आठवडाभर वर्गात लंगडत फिरले. मुलांनी विचारलं तर सांगितलं, भूकंप झाला.

शनिवारी संध्याकाळी मामांची शिकवणी असायची. ते पायरीवर बसून काठीनं दाखवायचे आणि मी खाली मांडी घालून पाना फिरवायची. ऑइल बघ, चेन बघ, टॅपेटचा आवाज ऐक. गाडी एवढी थरथरते की नट आपणहून सुटून जातात. एकदा आरसा रंकाळ्याजवळ पडला आणि तो मला भाजीवालीनं आणून दिला.

"एका सिलिंडरची गाडी म्हंजे एकुलतं एक पोरगं," मामा म्हणायचे. "समदा भार त्येच्या एकट्यावर. जपायलाच लागतंय."

एकुलतं एक पोरगं, म्हणजे माझा नवरा, तिथंच चहा पीत उभा असायचा.

"मला कधी जपलंय तुम्ही?"

"तुझा आवाज कधी बदलला न्हाय. बदलला असता तर बघितलं असतं."

टूलबॉक्समध्ये पान्यांच्या गर्दीत एक दाढीचा ब्रश होता. केस गुलाबी झालेले. "ह्याचं काय काम?" मी विचारलं. साध्या वायसरवर अर्धा तास बोलणारे मामा तेव्हा फक्त म्हणाले, "असू दे. लागतोय." आणि उगाच स्वयंपाकघराकडे बघितलं.

नवरा विजेच्या स्कूटरवर ऑफिसला जातो. बटण दाबलं की स्कूटर निघते, आवाज नाही, धूर नाही, पराक्रम नाही. गाडी विकून टाकावी असं त्याचं मत होतं आणि त्यानं गडमुडशिंगीचं एक गिऱ्हाईकही गाठून ठेवलं होतं. घरात वाद पेटला. शेवटी नवऱ्यानंच तोड काढली. आत्या दरवर्षी ह्याच गाडीवर मागं बसून जोतिबाला जातात. ह्या रविवारी मी त्यांना घेऊन जायचं. बंद न पडता गाडी परत आली तर ती घरात राहील, नाहीतर सोमवारी चावी गिऱ्हाइकाच्या हातात.

"चालतंय," मामा म्हणाले. बोलताना त्यांचा हात टाकीवरून फिरत होता, म्हैस विकायला काढल्यावर फिरतो तसा.

आठवडाभर मला त्या गाडीशिवाय दुसरं काही सुचलं नाही. ऑइल बदललं, प्लग घासला, फिल्टर साफ केला, एकूण एक नट आवळला. रविवारी निघताना मामा कानाशी येऊन म्हणाले, "येताना घाट उतरला की रसाचा गाडा लागतोय. थितं थांब. आत्याला रस पाज."

गाडी थांबता कामा नये म्हणून माझा जीव टांगणीला, आणि ह्यांना रस सुचतोय! मी मनात ठरवलं, मधे कुठंही थांबायचं नाही.

घाट गाडीनं असा चढला की नाद खुळा. "चांगभलं, चांगभलं" म्हणत आत्या मागून माझ्या पाठीवर थापा मारत होत्या. दर्शन झालं. मी प्रसादाचे पेढे घ्यायला रांगेत थांबले आणि आत्या पुढं गाडीकडे गेल्या. परत येऊन बघते तर हेडलाइट, टाकी, दोन्ही चाकं गुलालानं माखलेली. म्हटलं, असू दे, शोभा आली.

उतरताना गाडी खोकायला लागली. आधी हळू, मग चारचौघांत ऐकू जाईल असं. मी दात आवळून रेटत राहिले. घाट उतरला, रसाचा गाडा आला आणि बरोबर त्याच्यासमोर तिनं जीव सोडला. किक मारून मारून मी घामाघूम झाले. रस्त्यानं जाणारा एक जण थांबून म्हणाला, "ताई, प्लग बघा." दुसरा म्हणाला, "इकून टाका." दुसऱ्याकडे मी असं बघितलं की तो मागं न बघता पळाला.

मला रडू फुटायच्या बेतात होतं. आत्या मात्र खुशीत उतरल्या.

"बरोब्बर हितंच! ह्ये बी हितंच थांबत्यात. मला सावलीला बसवून रस पाजत्यात आन् सोता गाडीपाशी कायतर खुडखुड करत बसत्यात. लई हौस त्येंला."

मी हवेच्या फिल्टरचा डबा उघडला. आत मूठभर गुलाल.

"आत्या, ह्या डब्याच्या जाळीतनं गुलाल तुम्ही घातला?"

"मग? वरनं नुसता टिळा लावून भागतंय व्हय? पोटात कायतर परसाद जायला नको? दरसाल घालती की मी."

"मामांना माहीत आहे?"

"त्येंच्यासमोरच घालती. कायबी बोलत न्हाईत."

काहीतरी पुसायला हवं म्हणून मी टूलबॉक्स उघडला आणि तो ब्रश हाताला लागला. त्याचे गुलाबी केस मी बघतच राहिले. मग मी आत्यांना सावलीला बसवलं, रस सांगितला आणि त्यांच्याकडे पाठ करून त्या ब्रशनं फिल्टर झाडायला बसले. रस संपेपर्यंत गाडी सुरू झाली होती.

घरी पोचलो तर नवरा दारातच. "कुठं बंद पडली?"

"बंद कशाला पडतीया?" आत्या खाली उतरत म्हणाल्या. "रस प्यायला थांबलो हुतो. दरसाल थांबतोय."

जोतिबाहून गुलाल लावून आलेल्या बाईला खोटं पाडायची हिंमत नवऱ्यात नव्हती. तो आत जाऊन गिऱ्हाइकाला नकाराचा फोन करायला लागला. मामा पायरीवरच होते. त्यांनी माझ्या गुलाबी नखांकडे बघितलं, आत्या आत गेल्याची खात्री केली आणि हळूच विचारलं,

"ब्रश जाग्यावर ठेवलास न्हवं?"