वेरूळला, नुस्तं बघायला

आमच्या उमापुरात त्या काळी माणूस गाव सोडायचा तो लग्नाला, मयतीला, देवाला, नाहीतर गेवराईच्या तहसिलीत. बायांना तहसीलही नव्हती. म्हणून एका दुपारी भाकरी थापता थापता थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "आपुन वेरूळला जाऊ," तेव्हा मी सहज विचारलं, "कुनाचं लगीन हाय?"

"कुनाचं न्हाई. बघायला जायचं."

"काय बघायला?"

"डोंगरात देऊळ कोरलंय ते."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांचा चेहरा तव्यावरच्या भाकरीकडं होता आणि गंभीर होता.

मी त्या घरात सून म्हणून आले त्याला तेव्हा दुसरं वर्ष चालू होतं. सासूबाई आधीच गेलेल्या. थोरल्या जाऊबाईंना मी अक्का म्हणे, आणि घर त्यांच्याच हातात होतं. सासऱ्यांचं किराण्याचं आणि कापडाचं दुकान पुढच्या बाजूला, आमचं घर मागं, मधे एक दार. त्या दाराआड बसून धान्य निवडताना अक्कांना दुकानात आलेल्या माणसांचं सगळं बोलणं ऐकू यायचं, आणि एकदा ऐकलेलं त्या विसरत नसत.

वेरूळचं खूळ अक्कांच्या डोक्यात घातलं ते पैठणच्या कासारानं. हातात बांगड्या चढवता चढवता तो म्हणाला, की तिथं एकाच दगडातून अख्खं देऊळ काढलंय, आणि तेही वरून खाली. आधी कळस, मग भिंती, मग जोतं. अक्कांनी त्याच उन्हाळ्यात गोठ्याची मागची भिंत स्वतः उभं राहून घालून घेतली होती. त्यांनी हातच मागं घेतला.

"पाया न्हाई आन् कळस आधी? मग कळस टेकला कशावर?"

"बाई, खाली डोंगर हाय की," कासार हसला आणि त्याच्या वाटेनं गेला. अक्कांना ते पटलं नाही. जे पटत नाही ते स्वतः जाऊन बघावं, हा त्यांचा स्वभाव होता. आजवर तो फक्त गोठ्यापुरता आणि विहिरीपुरता चालला होता.

पुढं महिना दीड महिना त्या दाराआडून माहिती गोळा करत राहिल्या. जालन्याहून माल घेऊन आलेला गाडीवान पाणी प्यायला आला, की तांब्या देता देता विचारायच्या, शहागडला गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी कधी उतरतं, नाव कुठून सुटते, अंबडला बाया कुठं उतरतात. हिंग विकणाऱ्यानं सांगितलं, की जालन्याहून आगगाडी सकाळी सुटते आणि औरंगाबादवरून दौलताबादेला जाते. तिथून वेरूळ टांग्याच्या अंतरावर. माहेरपणाला आलेल्या एका लेकीनं सांगितलं, की आगगाडी कुणासाठी थांबत नाही. हे शेवटचं अक्कांनी फार मनावर घेतलं.

सगळं जुळल्यावर त्यांनी मामंजींच्या कानावर घातलं. मामंजी जेवत होते.

"मामंजी, दिवाळी झाल्यावर आमाला वेरूळ दाखवून आना."

"घृष्णेश्वराला जायचं व्हय? लई लांब पडतं. आपला परळीचा वैजनाथ काय कमी हाय का? गाडी जुंपतो, परळीला चला."

"परळीला येऊच की. पन हे देवासाठी न्हाई. लेणी बघायची हाईत, आन् आगगाडीत बसायचं."

मामंजींचा घास हातातच राहिला. "देव न्हाई, लगीन न्हाई, मग कावून जायचं?"

"बघायला."

"नुस्तं?"

"नुस्तं."

जेवण संपवून ते दुकानात गेले. मी अक्कांना म्हणाले, "घृष्णेश्वराचं नाव घेतलं आसतं तर मामंजी कवाच हो म्हनले आसते."

"देवाच्या नावावर आपली हौस खपवायची?" अक्का म्हणाल्या. "दर्शन घेऊ की, दाराशी गेल्यावर. पन जायचं बघायला, तर तसंच सांगून जायचं. उद्या दुसऱ्या बाईला जाऊ वाटलं तर तिला देव हुडकत बसायला नको."

मग मामंजींच्या हरकती सुरू झाल्या, रोज एक. खरं सांगायचं तर त्या हरकतींनीच आमच्या प्रवासाचा सगळा बेत पक्का केला. ते म्हणाले, नदीला पाणी असेल. अक्का म्हणाल्या, कार्तिकात उतरतं, नाववाला तुमच्याच दुकानातून दोर नेतो. ते म्हणाले, स्वयंपाक कोण करील, पोरं कोण बघील. अक्कांनी आपल्या आईला आधीच निरोप धाडला होता. कापसाचं काय? वेचणीच्या आत परत येऊ. वाटेत खायचं काय? दशम्या आणि शेंगांची चटणी. आम्ही लिंगायत, मग सकाळची लिंगपूजा कुठं? नदीवर, आणि पुढं विहिरीवर; आपला देव गळ्यातच आहे, त्याला कुठं घरी ठेवून जायचंय?

शेवटी मामंजींनी ठेवणीतलं काढलं. "सोबत कोन येनार? माजी दोगंबी पोरं दुकानात गुतलेली."

"तुमी."

"मी?"

"तुमी जालन्याला लई येळा गेलता. आगगाडी तुमाला म्हाईत हाय."

मामंजी उठून हात धुवायला गेले. दुसऱ्या दिवशी मापाची पायली पुसता पुसता, आमच्याकडं न बघता म्हणाले, "कापसाच्या आत यायला पायजे."

त्या दिवसापासून अक्कांनी मला तालीम द्यायला घेतली. आगगाडीची पायरी उंच असते असं ऐकलेलं. म्हणून ज्वारीची पोती एकावर एक रचली आणि मी काखेत बोचकं, हातात फिरकीचा तांब्या घेऊन त्यावर चढायचं आणि उतरायचं. "पदर आदी खोच. बोचकं आदी खाली टाक, मग तू. पाठमोरी उतरू नको." मी पहिल्यांदा तांब्यासकट घसरले. दुकानात आलेल्या बाया दारातून बघून तोंडाला पदर लावत. अक्का त्यांनाच म्हणाल्या, "हसतीस काय, चढून बघ." एकीनं खरंच चढून बघितलं.

कार्तिकात निघालो. वेशीपाशी पाटलांच्या घरच्या बाईंनी विचारलं, "कोन्या देवाला?" अक्का बैलगाडीतून मोठ्यानं म्हणाल्या, "देवाला न्हाई बाई, बघायला." मामंजींनी बैलांकडं तोंड फिरवलं.

शहागडला नावेतून गंगा ओलांडली, पलीकडं भाड्याची गाडी केली. अंबड मागं पडल्यावर अक्कांनी सहज विचारलं, "मामंजी, आगगाडीत बसल्यावर पोटात ढवळतं का?"

मामंजी चाकाकडं बघू लागले. "मला काय म्हाईत? मी माल उतरवून घेतो. बसलो न्हाई कदी."

अक्का हसल्या नाहीत. "मंग बरंच झालं," एवढंच म्हणाल्या. "तिगंबी एकदमच बसू."

पण जालन्याच्या स्टेशनावर कळलं की तिघांना एकत्र बसता येत नाही. बायांचा डबा वेगळा, जनाना. हे हिंगवाल्यानं सांगितलं नव्हतं. फलाटावर गर्दी, हमालांची हाकाहाक, पाटीवर तऱ्हेतऱ्हेची अक्षरं आणि आम्हाला त्यातलं एकही येत नव्हतं. मामंजींचा चेहरा उतरला. "तुमाला उतरायचं कसं कळायचं? चला, माघारी जाऊ."

"डोंगरावर किल्ला आन् उंच मनोरा दिसला, की दौलताबाद," अक्का म्हणाल्या. "डोंगराला पाटी लागत न्हाई. तुमी तुमच्या डब्यातून बघा, आमी आमच्या. तितंच उतरू."

गाडी आली तेव्हा जमीन थरथरली आणि मी अक्कांचा दंड धरला. पण पाय आपोआप चढले. पोत्यांहून ती पायरी सोपी होती.

गाडी निघाल्यावर मला वाटलं, आपण जागीच आहोत आणि कुणीतरी बाहेरची शेतं ओढून नेतंय. तूर, ज्वारी, एक मोट, मोटेवरचा माणूस, सगळं येत होतं आणि जात होतं. अक्का खिडकीला कपाळ लावून बसल्या होत्या. औरंगाबाद गेलं. मग उजव्या अंगाला एकटा डोंगर उभा राहिला, खालून ताशीव, जसा कुणी विळीवर सोलून ठेवलाय. पायथ्याशी मनोरा. अक्का उठल्या. "पदर खोच."

बोचकं खाली, तांब्या हातात, आम्ही खाली. मागं वळून पाहिलं, तर पुरुषांच्या डब्याच्या खिडकीत मामंजी बसलेले. त्यांनी आम्हाला पाहिलं. हात वर केला. आणि गाडी त्यांना घेऊन निघून गेली.

मी रडायच्या बेताला आले. अक्का गाडीच्या धुराकडं बघत म्हणाल्या, "मानूस हातीपायी धड हाय, गाडी रुळावर हाय. हरवतंय कशाला?" आणि त्या सरळ स्टेशनमास्तरांकडं गेल्या. ते हैदराबादकडचे, उतारवयाकडं झुकलेले गृहस्थ. सगळं ऐकून ते म्हणाले, "घबराओ नक्को, बाई. पुढच्या स्टेशनाला तार करतूं. शाम की गाडी से आ जाते." आणि आम्हाला मागच्या आपल्या घरी बसायला पाठवलं.

तिथं त्यांची बीबी होती, माझ्याहून थोडी मोठी. तिच्या घरचं पाणी आम्ही तेव्हा घेत नव्हतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं अंगणातल्या झाडाचे पेरू तोडून आमच्या पदरात टाकले, ते आम्ही खाल्ले. तिच्या दारातून किल्ला समोर दिसत होता.

"वर कसं हाय?" अक्कांनी विचारलं.

"क्या मालूम? मैं कब गई?"

इथं येऊन तिला कितीतरी वर्षं झाली होती. अक्कांनी पेरू खाली ठेवला. "मंग उद्या आमच्यासंगं चला."

मास्तर दारात आले तेव्हा अक्कांनी पदर पुढं ओढून त्यांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, "मेरे को फुरसत कहाँ?"

"तुमाला कोन बोलावतंय? आमच्यासंगं मामंजी हाईत, वडीलधारं मानूस. यांनाच धाडा."

मास्तर काही बोलायच्या आत पडद्याआडून बीबीचा आवाज आला, "मैं जातूँ." मास्तर हसले. संपलं.

ऊन कलताना उलटी गाडी आली आणि मामंजी उतरले. पटका विसकटलेला, तोंडावर कोळशाची पूड. मला वाटलं, आता आमची कंबख्ती. अक्का पुढं झाल्या. "डोळा लागला व्हता का?"

"न्हाई."

"मंग? किल्ला दिसला न्हाई?"

"दिसला की. तुमीबी दिसल्या." मामंजी खाली बघत होते. मग त्यांना राहवलं नाही. तोंडभर हसले. मी त्यांना तसं हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं. "उटू वाटंना गं सूनबाई. लई ग्वाड चालली व्हती."

दुसऱ्या दिवशी किल्ला चढलो. मास्तरांनी तिथल्या जमादाराला आधीच सांगून ठेवलं होतं. पुढं मशालवाला, मागं आम्ही. डोंगराच्या पोटातल्या अंधारवाटेत बीबीनं माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी पिचली. मग ती एकाएकी हसायला लागली आणि तिचं हसू त्या भुयारात फिरून परत आमच्याकडं आलं. माथ्यावर वारा होता. तिनं नकाब वर केला, खाली रुळाची रेघ शोधली, रेघेवरून बोट फिरवत नेलं. "वो देखो, मेरा घर! दोरी पे मेरा दुपट्टा!" सारखी तेच दाखवत होती, आणि आम्हीही दर वेळी नव्यानं बघत होतो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी वेरूळला तीही पडद्याच्या टांग्यातून आली. आधी डोंगराच्या अंगानं वर गेलो. कड्यावरून खाली पाहिलं, तर पायाखाली कळस. अक्का अगदी काठाशी जाऊन उभ्या राहिल्या. मामंजींनी आपली काठी पुढं केली. "हे धर आन् मग वाक."

काठी धरून अक्का वाकल्या. कळस, त्याखाली गच्ची, त्याखाली खांब, त्याखाली हत्ती. "बांदलंच न्हाई की," अक्का म्हणाल्या. "जे नको ते काडून टाकलं, बस."

मामंजी दुसऱ्याच विचारात होते. "एवडा दगुड निघाला त्यो टाकला कुटं?" त्यांनी टांगेवाल्याला विचारलं, राखणदाराला विचारलं, घृष्णेश्वराच्या देवळात गुरवालाही विचारलं. कुणाला ठाऊक नव्हतं. पुढं कितीतरी वर्षं, कुणी वेरूळचं नाव काढलं की ते हेच विचारायचे.

परतताना दौलताबादच्या फलाटावर बीबी पेरूंची टोपली घेऊन आली. अक्का आणि ती काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. दोघी एकदम बोलत होत्या.

जनाना डब्यात एका कोपऱ्यात एक नवी नवरी बसली होती. हळदीचं लुगडं, डोळे रडून सुजलेले. सोबतची म्हातारी झोपली होती. गाडीनं शीळ फुंकली तशी ती पोर दचकून फळीला चिकटली. अक्का थकून मिटल्या डोळ्यांनी बसल्या होत्या. मी उठून तिच्याजवळ गेले.

"पयल्यांदाच बसलीस?"

तिनं मान हलवली.

"इकडं खिडकीशी ये. खाली रुळाकडं बघू नको, गरगरतं. लांब बघ. त्यो डोंगर दिसतो का? त्याच्या माथ्यावर मी गेलते."

"तुमी? कावून?"

मी तिला सांगू लागले, आणि जालना येईपर्यंत सांगत राहिले.