समुद्र दिसणारी मोरी

आमच्या आईने आयुष्यात एकही आंघोळ गप्प राहून केलेली नाही. दोष तिचा नाही, आमचा आहे. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात मोरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. पूर्वी तिला जुन्या साडीचा पडदा होता, आता ॲल्युमिनियमचं दार आहे. पण पडदा असो की दार, आई आत गेली रे गेली की घरातल्या सगळ्यांच्या वस्तू एकदम हरवतात. "अगं, साखर?" "वरच्या फळीवर, निळ्या झाकणाचा डबा." "आई, माझी छत्री?" "दाराच्या मागे, डोळे उघडून बघ." मधेच तांब्याचा आवाज. बाबा तर ती आत गेल्याशिवाय काही शोधायलाच घेत नाहीत.

तर या बाईने एका रविवारी माझ्या फोनवर एक फोटो पाहिला. लग्नाच्या पन्नाशीनिमित्त आईबाबांना जपान दाखवायचं असं दादाने ठरवलं होतं, आणि मी सहज काहीबाही बघत होते. डोंगरउतारावरचं एक हॉटेल. उघड्यावर दगडी कुंड, त्यातून वाफा निघतायत, आणि कुंडात गळ्यापर्यंत बुडालेली एक म्हातारी. पाठमोरी. डोक्यावर पंच्याची घडी. समोर नुसता समुद्र. आईने फोन माझ्या हातातून घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही.

"मला इथे बसायचंय," ती म्हणाली.

आता आमच्या घरात आईने काही मागणं ही बातमी आहे. याआधी तिने स्वतःहून मागितलेली शेवटची वस्तू म्हणजे कुकरची रिंग, आणि तीही आमच्याच भातासाठी. त्यामुळे हे हॉटेल शोधायचंच, असं मी मनाशी पक्कं केलं.

मनाशी पक्कं करून आमच्या घरात काही होत नाही, त्याला कमिटी बसावी लागते. दर रविवारी जेवणं झाली की दादा आणि वहिनी दादरहून येत. दादा लॅपटॉप उघडी, बाबा पान जुळवत, आणि आई, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, ती आत भांडी घाशी.

बाबांचं पहिलं मत असं, की समुद्र बघायला जपानला कशाला जायचं? "चौपाटी इथे चार पावलांवर आहे. वर भेळ मिळते."

"आणि गरम पाण्याचं कुंड?" मी विचारलं.

"वज्रेश्वरी आहे की."

बाबा वज्रेश्वरीला एकदाच गेले होते. पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आणि बनियन घालून कुंडात उतरले, आणि सगळा वेळ काठावरच्या पिशवीवर नजर ठेवून बसले. तेव्हापासून गरम पाण्याच्या झऱ्यांवर आमच्या घरात त्यांचा शब्द अखेरचा.

दादाचा विश्वास लोकांच्या अभिप्रायांवर. कुणा परक्या माणसाने 'उशी कडक होती' असं लिहिलं, की ते हॉटेल बाद. वहिनीला एकच काळजी. "तो दिवस सोमवार नाही ना? माझा उपास असतो, आणि तिकडे पाण्यातसुद्धा मासा घालतात म्हणे." मग चतुर्थी कधी येते ते पाहिलं. हॉटेल टेकडीवर, म्हणून आईच्या गुडघ्यांचा विषय निघाला. एका हॉटेलवाल्यांनी 'अंशतः समुद्रदर्शन' असं लिहिलं होतं. ते वाचून बाबा खूश झाले. "म्हणजे गच्चीत टाकीवर चढलं की दिसतो, तसा. ते आपल्या चाळीतही आहे."

इतकं करून एक हॉटेल सगळ्यांच्या तावडीतून सुटलं. टेकडीवर होतं, पण स्टेशनवर गाडी पाठवणार होते. वहिनीला बिनमाशाचं जेवण करून देणार होते. उश्यांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. आणि बायकांचं कुंड थेट समुद्रावर, अगदी त्या फोटोतल्यासारखं. मी आत जाऊन आईला सांगितलं. तिने हात पुसले आणि पुन्हा एकदा फोटो मागितला.

पुढच्या रविवारी दादा तोंड पाडून आला. "नियम वाचलेस का? अंगावर टॅटू असेल तर कुंडात प्रवेश नाही."

"मग? टॅटू कुणाच्या अंगावर आहे?" बाबा म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. आईच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली, तुळशीवृंदावन गोंदलेलं आहे. लहानपणी कोकणात तिच्या आजीने गोंदणारणीपुढे धरून बसवलं होतं. मेल्यावर बाकी दागिने इथेच राहतात, बरोबर येतं ते एवढंच, असं सांगून. आई तेव्हा गाव गोळा होईल इतकी रडली होती म्हणे.

"तिकडे टॅटू म्हणजे गुंड," दादा म्हणाला. "गुंडांच्या टोळ्या असं अंगभर गोंदून घेतात. म्हणून बंदी."

माझी आई, जी भाजीवाल्याशी घासाघीस करून झाल्यावर त्यालाच चहा विचारते, तिला जपानात गुंड म्हणून अडवणार, या कल्पनेने मला आधी हसू फुटलं. मग भयंकर संताप आला. पन्नास वर्षांत बाई एक गोष्ट मागते, आणि मधे येतं काय, तर तुळस!

दादाकडे तोडगा तयार होता. दुसरं हॉटेल, तिथे खोलीलाच जोडून खासगी टब. गरम पाणी तेच, झऱ्याचं. "शिवाय आपण सगळे एकाच मोठ्या खोलीत मावतो. गाद्या घालून झोपायचं. उगाच वेगवेगळ्या खोल्या कशाला?" चाळीतला माणूस फ्लॅटमध्ये गेला, तरी दोन खोल्या घ्यायच्या म्हटलं की त्याला कसंतरीच होतं. "आणि खरं सांगू का," दादा आवाज खाली आणून म्हणाला, "बरंच झालं. तिथे सगळ्या बायका एकत्र, कपडे न घालता बसतात. आईला ते जमणारच नाही."

वहिनीने मान हलवली. बाबांनी हलवली. लाज वाटते सांगायला, मीही हलवली. तिला विचारावं, हे आमच्या चौघांच्याही डोक्यात आलं नाही.

आई दारात उभी होती. पदराला हात पुसत म्हणाली, "हा टब कुठे आहे?"

"खोलीतच, आई. सरकतं दार लावलं की झालं."

"आणि तुम्ही सगळे दाराच्या अलीकडे."

"हो, म्हणजे काही लागलं तर आम्ही आहोतच."

आई रागावली की तिची भाषा थेट मालवणला पोचते. "माका नको तुमचो टब," ती म्हणाली. "टबात बसून तुम्हाला साखर सांगायची, तर माझी मोरी काय वाईट आहे?"

"अगं, पण तिकडे सगळ्या अनोळखी बायका असतात. तुला लाज नाही वाटणार?" दादा म्हणाला.

"अनोळखी बायकांची कसली लाज? त्या काय उद्या वाडीत भेटणार आहेत? लाज ओळखीच्यांची असते. चाळीस वर्षं साडीच्या पडद्याआड आंघोळ केली मी, बाहेर तुझे बाबा, तुझे काका, तुझ्या काकांचे मित्र. तेव्हा कुणी विचारलं नाही लाजेचं."

बाबांनी पान तोंडात टाकलं आणि ते खिडकीबाहेर पाहायला लागले. मी त्याच दुपारी पहिल्या हॉटेलला मेल लिहिली. आईच्या हाताचा फोटो जोडला, बांगड्यांसकट, आणि लिहिलं की हे देवाचं झाड आहे. उत्तर आलं, अतिशय अदबीचं. एवढ्या लहान खुणेवर चिकटपट्टी लावली तर काहीच हरकत नाही. पट्टी ते स्वतः देतील. झाडाची चौकशीही केली होती.

तर आम्ही तिथे गेलो. एकाच खोलीत पाचजण, गाद्या घालून, कारण ते मात्र दादाने सोडलं नाही. संध्याकाळी आईने हातावरच्या तुळशीवर पट्टी चिकटवून घेतली आणि माझ्याबरोबर बायकांच्या बाजूला आली. मी टॉवेल छातीशी धरून भिंतीला चिकटून उभी. आमच्या बाईसाहेब बघून घेतायत, की इथल्या बायका आधी ठेंगण्या स्टुलावर बसून, छोट्या बादलीने पाणी अंगावर घेऊन स्वच्छ होतात आणि मग कुंडात उतरतात. "म्हणजे मोरीच की," ती म्हणाली, आणि लुगडं फेडावं इतक्या सहज सगळं उतरवून स्टुलावर बसली. माझं काही ते धाडस होईना. मी 'आलेच' म्हणून कपडे चढवून खोलीवर पळाले.

खोलीत जेवण मांडलं होतं आणि बाबा गाद्या उलट्यापालट्या करत होते. बोळक्या तोंडाने मला म्हणाले, "बरं झालं आलीस. कवळी सापडत नाहीये. तुझ्या आईला विचारून ये."

मी परत गेले. टॉवेल गुंडाळून बाहेरच्या कुंडापाशी आले. आई गळ्यापर्यंत पाण्यात होती. पाठमोरी. डोक्यावर पंच्याची घडी. पलीकडे दोन जपानी बायका डोळे मिटून बसल्या होत्या. खाली समुद्र होता, पूर्ण.

"आई," मी हळूच म्हटलं, "बाबांची कवळी कुठे आहे?"

ती वळली नाही. बाबांची कवळी कुठे असते हे आमच्या घरात फक्त तिला ठाऊक असतं, बाबांनाही नसतं.

"मला माहीत नाही," आई म्हणाली.

हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मग टॉवेल काठावर ठेवला आणि पाण्यात उतरले. वर खोलीत बाबांना म्हणावं, भात मऊ आहे, कवळी लागत नाही.