विषय : लेखाखालील नावाबाबत

नाव : श्री. प्रेमानंद नत्थूजी गजभिये. वय : एकसष्ट वर्षे पाच महिने. ओळखीची खूण : खिशात दोन पेन, एक लिहिण्यासाठी, दुसरे मागणाऱ्यास देण्यासाठी, जे उमटत नाही. सदर इसमाने खापरखेड्याच्या वीज केंद्रात एकतीस वर्षे आवक-जावक सांभाळली असून सध्या तो नागपुरातील एका कुलर कंपनीच्या वेबसाइटवर ब्लॉग चालवतो. यापूर्वी ब्लॉग चालवल्याची नोंद अभिलेखात आढळून येत नाही.

कंपनीचे मालक भैय्याजी यांना ब्लॉग हवा होता, कारण समोरच्या कुलरवाल्याने सुरू केला होता. ब्लॉग म्हणजे काय, ही चौकशी त्यांनी नंतर केली. वेबसाइट त्यांची मुलगी चिन्मयी बघायची. ती म्हणाली, "आठवड्याला एक लेख, बाबा. लोक प्रश्न विचारतील, आपण उत्तरं द्यायची." निवृत्तीनंतर कंपनीत पत्रव्यवहाराला बसणारे गजभिये सोडले तर तिथे सलग चार ओळी लिहिणारं कोणी नव्हतं. त्यांनी एकच विचारलं, "खाली नाव कोणाचं राहीन?"

"तुमचंच, काका."

गजभियेंनी तिला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो पत्रं लिहिली आणि प्रत्येकाखाली नाव साहेबांचं गेलं. साहेब बदलत, वाक्यं तीच राहत. घरी त्यांनी ही बातमी बायकोच्या, सिंधूताईंच्या कानावर घातली.

"तुमचं नाव येणार? अन् फोटो?"

"फोटो नाही."

"बरं झालं."

पहिला लेख असा होता : 'विषय : कुलरमधून येणाऱ्या कुबट वासाबाबत. संदर्भ : अनेकांच्या तोंडी तक्रारी. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की...' चिन्मयीने कपाळाला हात लावला. "काका, ब्लॉगवर असं कोणी लिहिते का?" "मी लिहितो," गजभिये म्हणाले. लेख अकरा वेळा उघडला गेला. त्यातल्या नऊ वेळा चिन्मयीनेच उघडला होता.

मग मे लागला, पारा पंचेचाळीसवर गेला आणि प्रश्न येऊ लागले. गजभिये प्रत्येक प्रश्नाला आवक क्रमांक देत, त्याच दिवशी पोच देत आणि तिसऱ्या दिवशी उत्तर. कंपनी उत्तर देते, हे लोकांना नवीन होतं. पारशिवनीच्या रितिकाताईंनी विचारलं, जुना कुलर गार हवा देत नाही, नवा घ्यावा का? गजभियेंनी लिहिलं : 'बाजूच्या ताट्यांमधील गवत बदलावे. नवीन कुलर घेण्याची आवश्यकता दिसून येत नाही.'

हे कुलर विकणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर, ऐन मे महिन्यात.

"गजभिये, तुम्ही नोकरी कोणाची करून राहिले गा?" भैय्याजी कडाडले. "ते काढा पहिले!"

"गेलेलं पत्र वापस घेता येत नाही, भैय्याजी. शुद्धिपत्रक काढता येते."

शुद्धिपत्रक निघालं : 'गवत बदलावे, याऐवजी गवत बदलावे व टाकी धुवावी, असे वाचावे.'

ते शुद्धिपत्रक लोकांनी एकमेकांना मोबाइलवर पाठवलं. आठवड्यात चार हजार वाचक झाले. मौद्याच्या एका दुकानदाराने कंपनीत फोन करून गजभिये साहेबांची चौकशी केली आणि शेवटी भैय्याजींना विचारलं, "अन् तुम्ही कोण बोलून राहिले?" हे भैय्याजींना लागलं. त्यांनी चिन्मयीला हुकूम सोडला : यापुढे सगळ्या लेखांखाली मालकाचं नाव.

गजभियेंनी वाद घातला नाही. संध्याकाळी सिंधूताईंनी शेजारणीला दाखवायला ब्लॉग उघडला. "अवो, इथं तर भैय्याजीचं नाव आहे. लिहिलं तं तुम्ही ना?"

"पद्धत आहे तशी," गजभिये म्हणाले आणि अर्ध्या ताटावरून उठले. याची नोंद फक्त सिंधूताईंकडे आहे.

सकाळी त्यांनी प्रश्नांची यादी मालकांच्या टेबलावर ठेवली. "नाव तुमचं, तं उत्तरंही तुमची. त्रेचाळीस प्रलंबित आहेत." भैय्याजींनी दोन दिवस उत्तरं दिली. प्रश्न कोणताही असो, उत्तर एकच : नवीन मॉडेल घ्या. रितिकाताईंनी खाली लिहिलं, 'तुमाले काही समजत नाही. गजभिये साहेबाले बोलवा.' त्याला दोनशे जणांनी अंगठा दाखवून पाठिंबा दिला.

"लावा बा तुमचं नाव," भैय्याजी तिसऱ्या दिवशी म्हणाले. चिन्मयी लगेच लावायला बसली, तर गजभियेंनीच तिला थांबवलं.

"तोंडी नाही चालत, बेटा. तोंडी हुकमानं लागलेलं नाव तोंडी हुकमानं निघते. लेखी आदेश पाहिजे."

"काका, एक मिनिटाचं काम आहे!"

"म्हणूनच."

मसुदा त्यांनीच केला. भैय्याजींनी एक शब्द बदलला, म्हणून फेरमसुदा झाला. मग भैय्याजी लग्नाला रायपूरला गेले, तिथून दुसऱ्या लग्नाला दुर्गला. आल्यावर सही झाली : 'या आदेशान्वये श्री. प्रे. न. गजभिये यांचे नाव त्यांच्या सर्व लेखांखाली कायमस्वरूपी दर्शविण्यास मंजुरी देण्यात येत आहे. सदर आदेश तत्काळ अंमलात येईल.'

नावासह लेख सव्वीस जूनला लागला. सव्वीस जूनला नागपुरात पाऊस लागलेला असतो आणि कुलर झाकून ठेवलेले असतात.